सायत्रेचा कोरडा घाट

पिंपळडोह गावाच्या उगवतीला सव्वीस पायऱ्यांचा एक दगडी घाट आहे. पायऱ्या रुंद आणि घडीव आहेत, पण शेवटची पायरी उतरली की पाय वाळूत आणि कुसळात पडतो. वैनगंगा तिथून अर्धा कोस लांब वाहते. पाहुणे विचारतात, "नदीच नाही, तर घाट कशाला बांधला?" मग गावातले तुळशीराम दिघोरे त्यांना वरच्या पायरीवर बसवून घेतात आणि सांगू लागतात. आपण बरकूच्या वंशातले, हे ते आधीच सांगून टाकतात. बरकू कोण, ते ऐकणाऱ्याला पुढे कळते.

फार जुन्या काळी नदी इथूनच वाहत होती म्हणे. तेव्हा घाट नव्हता. मातीचा उतार होता, एक करंजाचे झाड होते आणि झाडाखाली ढिवराची, म्हणजे नावाड्याची, झोपडी. झोपडीत सायत्रा राहायची. नवरा तापाने गेला, तेव्हापासून डोंगा तीच चालवी. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी. सायत्रेच्या सासऱ्याच्या आजापासून त्या घराने दोन्ही तीरांची माणसे पार केली होती. त्याबद्दल घरटी सूपभर धान मिळे, आणि डोंगा बांधायला तो उतार. उतार कोणाचा, हे कोणी कधी विचारले नव्हते.

विचारले ते गावच्या जमिनीचा मालक असलेल्या केशोराव मालगुजाराने. पलीकडे बाजार वाढत होता. तिथे जाणारी वाट आपल्या हातात असावी, असे त्याला वाटू लागले. एके दिवशी त्याची माणसे आली आणि करंजापासून पाण्यापर्यंत खुंट्या ठोकून गेली. त्याच्याकडे शिक्क्याचा कागद होता. सायत्रेकडे करंजाचे खोड होते. पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून त्याला मनगट बसेल एवढी खाच पडली होती.

सायत्रा सुभेदाराकडे दाद मागायला गेली. सुभेदार स्वतः उतारावर आला, गाव जमले. त्याने खाचेवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "झाड साक्ष देत नसतं, बाई. माणूस उभा कर."

सायत्रेने गावाकडे पाहिले. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी पार नेले होते. तिची नजर बरकूवर थांबली. दोन वर्षांपूर्वी बरकूची बायको अडली होती, नदीला पूर होता, आणि त्या पुरात सायत्रेने तिला पलीकडच्या सुइणीकडे पोहोचवले होते. बाळ-बाळंतीण सुखरूप परतली होती.

"बरकूदादा, तू सांग ना जी. हा उतार कोणाचा?"

बरकू केशोरावाचे शेत कसत होता. गावातले सगळेच कसत होते. तो खाली मान घालून म्हणाला, "मले का मालूम, बाई?"

मग कोणीच पुढे आले नाही.

सुभेदाराने निवाडा दिला. पाणी नदीचे, त्यावर कोणाचीच मालकी नाही. ओल संपते तिथून पुढची जमीन मालकाची. बाईने डोंगा खुशाल चालवावा, पण मालकाच्या जमिनीवर पाय ठेवू नये आणि त्याच्या झाडाला दोर बांधू नये.

 सायत्रेने झोपडीतून चूल, गाडगे आणि घोंगडी उचलली, डोंग्यात ठेवली, आणि नदीच्या तळाशी वासा रोवून डोंगा त्याला बांधला. त्या दिवसापासून ती जमिनीवर उतरली नाही, असे सांगतात.

केशोरावाने उतारावर हा घाट बांधला, नवी नाव आणली, नावाडी नेमला. लोक मालकाच्या नावेतून जाऊ लागले. जाताना सायत्रेच्या डोंग्याकडे बघायचे नाही, एवढे मात्र सगळे पाळत. कधी कोणी पाण्यात भाकरी धरून उभे राही. ती घेई, पण बोलत नसे.

उन्हाळा आला तसे पाणी ओसरले. जिथे ओल सुकली तिथे मालकाच्या माणसांनी खुंट्या पुढे सरकवल्या. आठवड्याला एकदा खुंट्या सरकत आणि सायत्रा वासा उपटून मागे जाई. ज्येष्ठात तिचा डोंगा चार हात डोहात उरला होता.

तिची लेक बेना पलीकडच्या गावी दिली होती. ती गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली.

"माय, चाल माह्यासंगं. काहून जीव जाळतेस? हे गाव आपलं नाही आता."

"मग कोणतं आपलं आहे, बेना?"

"माह्या घरी चाल."

"ते तुह्या सासऱ्याचं घर आहे, बाई." सायत्रेने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा. पाणी गढूळ होऊन राहिलं. वर पाऊस पडला असंल."

श्रावणात नदी कोपली. सकाळी पाणी सातव्या पायरीला होते, दुपारी अठराव्या. मालकाची नाव माणसांनी ओढून वर काढली. सायत्रेचा वासा मोडला आणि डोंगा घाटासमोरच्या भोवऱ्यात गरगरू लागला. सगळे गाव घाटावर आले होते. बरकूने गोठ्यातला दोर आणला, एक टोक करंजाला बांधले आणि दुसरे पाण्यात फेकले.

सायत्रेने ते पकडले. डोंगा थांबला. बरकू ओरडला, "बांध, बाई! लवकर बांध!"

सायत्रेने दोर हातात धरून झाडाकडे पाहिले. मग विचारले, "झाड कोणाचं आहे, बरकूदादा?"

केशोराव वरच्या पायरीवर उभा होता. बरकूने एकदा त्याच्याकडे पाहिले. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. अख्ख्या गावातून कोणाच्याच तोंडून फुटला नाही.

सायत्रेने दोर सोडला.

पूर तीन दिवस राहिला. ओसरला तेव्हा नदीने पात्र बदललेले होते. घाट वाळूत उभा होता, नाव वाळूत पडली होती. डोंगा सापडला नाही, सायत्राही नाही. केशोरावाच्या वाट्याला वाळू आली खरी, पण गावाचेही काही भले झाले नाही. विहिरी आटल्या, वाट मोडली, निम्मे गाव देशोधडीला लागले. मालगुजाराचे घराणे दुसरीकडे नांदले. बरकू मात्र म्हातारा होऊन मरेपर्यंत रोज घाटावर येऊन बसायचा म्हणे. कोणी काही विचारले की त्याचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

आजही श्रावणातल्या त्या दिवशी पिंपळडोहात प्रत्येक घरातून एक दोर येतो. दोराला दोर जोडून तो सव्वीस पायऱ्यांवरून खाली वाळूत सोडतात. त्याचे वरचे टोक कोणी कशालाच बांधत नाही. गावकरी सांजवेळेपर्यंत पायऱ्यांवर मुकाट बसून राहतात आणि मग आपापला दोर सोडवून घरी नेतात. याने काय होते, असे पाहुण्यांनी विचारले, तर तुळशीराम दिघोरे गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि म्हणतात, "काही होत नाही, जी."