वाघिणीचा स्वस्त सौदा

रानातली जनावरं आपसात देवघेव करायची, त्या काळातली ही गोष्ट. एका वाघिणीने मोठ्या कष्टाने गवा मारला. झटापटीत तिच्या सुळ्याचं टोक तुटलं. पोटभर खाऊन, उरलेला गवा पाचोळ्याखाली झाकून ती ओढ्यावर निघाली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर कोल्ह्याने दुकान मांडलं होतं. "बाईसाहेब, गव्याच्या पाठीचं लुसलुशीत मांस आहे. तुमच्याकडून काय घ्यायचं? घटकाभर बसून शिकारीच्या गोष्टी सांगा, झालं!"

एवढा उंची माल आणि इतका स्वस्त! आपला गवा अडीनडीला राहू दे, म्हणत वाघीण रोज येऊ लागली. ती गोष्टीत रंगली की तिकडे कोल्ह्याची भावंडं पाचोळा उकरायची. आपण कसा सौदा साधला, हे तिने साऱ्या रानाला ऐकवलं.

चौथ्या दिवशी ते ऐकून अस्वलही आलं. तेवढ्यात वाघिणीच्या घासात काहीतरी कचकन लागलं. जिभेने चाचपलं, तर तिच्याच सुळ्याचं टोक!

"वाघीणबाई, कसा आहे माल?" अस्वलाने विचारलं.

वाघिणीने ते टोक गिळून टाकलं.

"उत्तम," ती म्हणाली. "आणि या भावात दुसरीकडे कुठे मिळणार?"