पाटकऱ्याचा डबा

"चोर कोण, तेवढं सांगा बाबा. नाव घ्या फक्त. पुढचं मी बघतो."

हिंमतरावाची मोटरसायकल अजून नीट स्टँडवरही लागली नव्हती.

निंबाबाबा बंधाऱ्याजवळच्या ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली चोरी?"

"पाण्याची! दुसरी कसली? बंधाऱ्यातून पाट भरून सुटतो आणि टेंभीला पोचतच नाही. बारा दिवस झाले. मधे कुणीतरी पितंय."

टेंभी म्हणजे आमचं गाव, पाटाच्या अगदी शेवटाला. मी कौतिकबाई. त्या शेवटच्या गावातलं शेवटचं शेत माझं. हिंमतरावाच्या आधीच मी तिथं येऊन उभी होते आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

मी पदराच्या गाठीतून गव्हाची ओंबी काढली. एक दाणा सोलला, नखाने दाबला. या दिवसांत गहू चिकात असतो, दाबला की दुधासारखा चीक निघायला पाहिजे. निघालं काय, तर फोलपट.

"हे बघा अध्यक्ष," मी म्हटलं. "याचाही फोटो काढा आणि टाका तुमच्या ग्रुपवर."

"काकू, टोमणे नंतर मारा."

"नंतर? नंतर माझ्या शेतात गुरं सोडायची वेळ येईल, तेव्हा मारू का?"

बाबा दोरी वळत राहिले.

निंबाबाबांनी चाळीस वर्षं पाटकऱ्याचं काम केलं. बंधाऱ्यावर पाणी सोडायचं, पाटाच्या काठाने चालायचं, एकेका गेटमधून ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे शेतात पाणी द्यायचं. आता ऐंशी उलटली. चारही गावांची भांडणं अजून त्यांच्याच ओट्यावर येतात. हिंमतराव स्वतःला त्यांचा चेला म्हणवतो, प्रत्येक भाषणात म्हणवतो. भाषणं फार करतो.

पण खोटं कशाला बोलू? काम त्याने केलं.

नदी मेली होती आमची. दोन उन्हाळे चार गावं राबली. डोहातला गाळ काढला, बंधाऱ्याच्या चिरा चुन्याने बुजवल्या, नदीपात्रातल्या मोटारी उचलायला लावल्या. वाळूचे ट्रॅक्टर यायचे, तेव्हा हा हिंमतराव रस्त्यात आडवा झोपला होता. त्याच्या शेजारी मी झोपले होते. माघात नदी वाहताना मी वीस वर्षांनी बघितली आणि तिथंच काठावर बसून रडले.

म्हणून तर राग जास्त. ज्या पाण्यासाठी टोपल्या वाहून मान मोडून घेतली, ते पाणी माझ्या बांधाला शिवत नाही. कुणाचं टाळकं फिरणार नाही?

"बाबा, ऐका," हिंमतराव पुढं म्हणाला. "मला खैरगावचा संशय आहे. मधलं गाव तेच. उद्या बैठकीत मी त्यांना चार गावांच्या पाणीसंघातून काढणार. तुम्ही फक्त माझ्या बाजूने बोला."

"आणि उद्या दिवस उगवायला आमची माणसं पहारी घेऊन इथं येणार," मी म्हटलं. "तुमची सगळी गेटं उपटणार. मागून कुणी म्हणायला नको की टेंभीवाल्यांनी लपूनछपून केलं, म्हणून बाबांना सांगायला आलेय."

"काकू, गेटं उपटली तर संघ संपला!"

"संपू दे. आमचा गहू संपल्यावर संघाची काय पूजा करू?"

बाबांनी दोरी खाली ठेवली.

"हिंमत."

"जी."

"गेटं किती?"

"अठ्ठावीस."

"कुलपं?"

"अठ्ठावीस!" त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. "एकही गेट उघडं नाही. नियमांची पाटी लावली. पाळीचा तक्ता रोज सगळ्यांच्या मोबाइलवर जातो. तुमच्या काळी यातलं काहीच नव्हतं बाबा. मी एकही गोष्ट करायची बाकी ठेवली नाही."

"हं… आणि उखा जेवतो कुठं?"

उखा म्हणजे आत्ताचा पाटकरी.

हिंमतरावाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"जेवतो कुठं? बाबा, मी पाण्याचं विचारतोय."

"मी पण."

"आमच्या घरचा डबा असतो त्याला. हा काय." त्याने हँडलला अडकवलेला डबा दाखवला. "बाराच्या ठोक्याला इथं, बंधाऱ्यावर. गरम भाकरी, गरम भाजी. माझी बायको स्वतः करते. आम्ही माणसाला माणसासारखं वागवतो. तुम्हाला लोकांनी उपाशी हिंडवलं, तसं नाही करत."



तेवढ्यात उखा आलाच. खांद्यावर टॉवेल, पाय चिखलाने भरलेले. पाटात हात धुतले आणि त्याची नजर सरळ डब्यावर गेली. बिचारा साधा माणूस, चाळिशीतला. त्याला चोर म्हणायची माझीही जीभ रेटत नाही.

"उखा, आज कुठवर गेला होतास?" बाबांनी विचारलं.

"खैरगावच्या पुलापर्यंत."

"काल?"

"पुलापर्यंतच की."

"पुलाच्या पुढं?"

"पुढं गेलं की बाराला माघारी येता येत नाही बाबा. भाकरी गार होते."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की हिंमतराव मान डोलावून मोकळा झाला. मग त्याची मान तिथंच थांबली.



माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगते, ती आग उखावर नव्हती.

मी नवी नवरी होते, तेव्हाची गोष्ट. पाटकऱ्याने डबा आणायचा नाही, अशी रीत होती. त्याची दुपारची भाकरी पाटावरच्या शेवटच्या शेतात, म्हणजे आमच्या बांधावर. माझी सासू करायची. पाणी आलं की भाकरी. एकदा निंबाबाबा भर दुपारी आले, पाट कोरडा आणि ते एकटेच. सासू बांधावर उभी राहिली नि म्हणाली, "पाणी कुठाय?" बाबा तसेच मागं फिरले. शिव्या देत गेले, वाटेतल्या सगळ्यांना. दिवस कलताना पाणी घेऊन आले, तेव्हा सासूने वाढलं. त्या वेळी मला सासू राक्षसीण वाटली होती.

दोन वर्षांपूर्वी संघाची पहिली बैठक झाली. हिंमतराव उठून म्हणाला, ही जुनी रीत माणुसकीला धरून नाही, पाटकऱ्याचा डबा आता अध्यक्षाच्या घरून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात वर करून मंजूर केलं.

त्यात माझाही हात होता. रोजच्या दोन भाकऱ्या थापायच्या वाचल्या म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

बाबा उठले. हँडलचा डबा काढला.

"हिंमत, गाडी चालू कर. मला आणि या डब्याला कौतिकच्या बांधावर सोड."

"डबा? आणि उखा?"

"तो येईल चालत. पाटाच्या काठाने. किल्ल्या दे त्याला."

"बाबा, मी तुम्हाला चोर विचारला आणि तुम्ही डबा हलवताय! उद्या पहारी येणार आहेत इथं. मी चार गावं जोडायला रक्ताचं पाणी केलं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि तुम्हाला याच्या जेवणाचं पडलंय?"

"जेवलास तू?"

"अजून नाही! माझ्या जेवणाचं काय आता?"

"मग तूही तिथंच जेव. पाणी आल्यावर."

हिंमतरावाचा चेहरा लालबुंद झाला. जुडगा त्याने उखाकडे जवळजवळ फेकलाच. पण गाडी चालू केली. गुरूला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती.

मी उखाबरोबर निघाले. सात किलोमीटर. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी मला ते बघायचंच होतं.

पुलापाशी उखा सवयीने थांबला.

"चल," मी म्हटलं.

पुलापुढं पाटाच्या भरावात खेकड्यांनी भोकं पाडली होती. मनगटाएवढी धार एकेका भोकातून ओढ्यात चालली होती, कुणाच्याच कामाची नाही. उखा खाली उतरला. गवत कोंबलं, वर चिखल थापला. पुढं परत एक भोक. पुढं परत.

मग अकरावं गेट लागलं. कुलूप जागच्या जागी, पाऊस खाऊन गंजायला लागलेलं. आणि गेटच्या शेजारून हातभर चर खणलेला. पाणी कुलपाला वळसा घालून खुशाल चाललं होतं. बांधावर खैरगावचा एक जण विडी ओढत बसला होता.

"अरे उखा, तू इकडं कसा?"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थोडंसंच घेतलं अक्का. याचं काही कधी दर्शन नाही. म्हटलं, पुढं कोण बघतंय, वायाच जात असेल."

"वाया? पुढं माझं शेत आहे रे मेल्या!"

तो विडी टाकून उभा राहिला. मला बघून त्याला लाज वाटली, की भीती वाटली, ठाऊक नाही. पण फावडं त्याने स्वतःच उचललं आणि चर बुजवला.

असे नऊ चर सापडले. कुणाचा हातभर, कुणाचा वीतभर. खैरगावचे पाच, वरच्या गावच्या, वरखेडच्या लोकांच्या इकडं खाली असलेल्या जमिनीतले तीन, आणि एक… एक आमच्या टेंभीचा. माझ्या चुलतदिराचा. सकाळी पहारीच्या गोष्टी सगळ्यांत मोठ्याने तोच करत होता. माझं तोंड कडू झालं.

उखाला भूक लागत गेली तसा त्याचा आवाज चढत गेला. दोन वाजता तो नुसता पुटपुटत होता. तीन वाजता माणसांना नावाने हाका मारून त्यांचे आईबाप काढत होता. इतकी वर्षं कुणाला उलटून बोलला नव्हता तो. एकाने कुरकुर केली तर उखा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या नाकासमोर नाचवून ओरडला, "माझी भाकरी तिकडं वाळतेय आणि तुला वांगी भिजवायचीत होय?"

पोचलो तेव्हा ऊन टेकडीवर गेलं होतं.

बाभळीला डबा टांगलेला. खाली बाबा डोळे मिटून बसलेले. हिंमतराव बांधावर येरझाऱ्या घालत होता, ओठ सुकलेले. कधी नव्हे तो माझ्या गव्हातून फिरला असावा, कारण त्याच्या मुठीत चार-पाच ओंब्या होत्या.

मग पाणी आलं. पुढं वाळका पाला, काड्या, फेस ढकलत, हळूहळू आलं. चारीत शिरलं. पहिल्या वाफ्यातली भेग प्यायला लागली तसा तो आवाज आला, तहानलेलं ढोर पितं तसा.

मी हात जोडले नाहीत. अर्धा गहू गेलाच होता. बारा दिवसांपूर्वी हेच पाणी आलं असतं तर सगळा वाचला असता, आणि यायला काहीही अडचण नव्हती. हा राग माझ्या पोटात अजून आहे. तो मी कुणासाठी गिळणार नाही.

उखाने त्याच पाण्यात हात धुतले. डबा काढला. भाकरीचे दोन तुकडे केले, एक हिंमतरावापुढं धरला. अध्यक्षांनी बांधावर मांडी घातली आणि मुकाट्याने घेतला.

दोघंही बराच वेळ चावत होते.

शेवटी हिंमतरावाने बाबांकडे पाहिलं. आवाज खाली आला होता, पण हेका सुटला नव्हता.

"बाबा, उद्या बैठक आहे. आता तरी सांगा. चोर कोण?"

माझ्या जिभेवर नऊ नावं होती. चुलतदिराचं सगळ्यात पुढं. मी तोंड उघडलं.

बाबांनी हात वर करून मला थांबवलं. ते उखाकडे वळले.

"काय रे, भाकरी गरम होती?"

"कसली गरम बाबा! पार गार. नुसतं चामडं झालंय."

बाबा काठी टेकून उठले. पाटाकडे बघत राहिले…

"मग आज चोरी झाली नाही."