अर्ध्या पोळीचा आग्रह

एका राज्यात, जिथे पाहुण्याची पालखी दिसली की राजाचा हत्तीसुद्धा वाट सोडून उभा राही, तिथे जेवणाची एक रीत होती. पाहुण्याने भुकेने जीव जात असला तरी तीनदा "नको" म्हणायचं, यजमानाने तीनदा आग्रह करायचा, आणि चौथ्यांदा पोळी पानात पडली की "अहो, किती वाढता!" असं म्हणून पाहुण्याने ती मिटक्या मारत संपवायची. पोटाला हे त्रासाचंच, पण रीत ती रीत.

त्या राज्याची थोरली राणी मात्र दूरदेशीची होती. तिच्या माहेरी नको म्हणजे नको. एके दिवशी अंगारजित नावाचा मांत्रिक जेवायला आला. पहिली पुरणपोळी संपताच राणीने विचारलं, "आणखी वाढू?" तो रीतीप्रमाणे "नको" म्हणाला आणि राणीने खुशाल ताट उचललं! मांत्रिक अर्धपोटी उठला. दारात थांबून त्याने शाप दिला, "यापुढे पाहुण्याने पहिलं नको म्हणताच तुमच्या कोठीतलं सगळं अन्न दगड होईल!"

आणि तसंच होत गेलं. थोरली राणी निवर्तली, तिचा मुलगा पृथुसेन गादीवर बसला, त्याची लेक कुमुदिनी उपवर झाली. तिला तीन स्थळं आली. तिन्ही वेळा पाहुणे नको म्हणाले, तिन्ही वेळा लाडवांचे धोंडे झाले, राजाने शरमेने मान खाली घातली आणि पाहुणे उपाशी परतले. आता चौथं स्थळ येऊ घातलं होतं, आणि डोंगरापलीकडचा हा राजपुत्र कुमुदिनीला मनापासून आवडला होता. हे मोडलं तर ती पुन्हा कुणाला होकार देणार नव्हती.

वराकडची साळुंकी खिडकीत बसून निरोप सांगू लागली. "एकतीस माणसं. पाच दिवस मुक्काम. आत्याबाईंना दात नाहीत. काकांची चतुर्थी आहे. बारा जण मल्ल आहेत. आठव्या दिवशी पोहोचतो."

निरोप ऐकून राजाला घाम फुटला. कोठी सांभाळणाऱ्या वेणाक्काने मात्र पदर खोचला. कुमुदिनीला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

"पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, तेव्हा मुगाची खिचडी आणि कढी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुरण. तिसऱ्या दिवशी पोटं जड असतील, म्हणून ताकातलं पिठलं आणि भात. चौथ्या दिवशी काकांना वऱ्याचे तांदूळ, बाकीच्यांना वांग्याचं भरीत. पाचव्या दिवशी निघताना दहीभात, आणि वाटेसाठी दशम्या. आत्याबाईंना दुसऱ्या दिवसापासून रोज गुरगुट्या भात."

"बेत झकास आहे, आक्का," राजा म्हणाला. "पण दगड चावायचे कसे? नको म्हणायला बंदी करू का?"

"महाराज, पाहुण्याला नको म्हणू नका असं सांगणं म्हणजे त्याला अधाशी म्हणणं. सोयरीक वेशीवरूनच माघारी जाईल. मीच मांत्रिकाकडे जाते."

कोठीतला शिधा पाठीवर बांधून वेणाक्का निघाली. वाट साळुंकीने दाखवली. तीन दिवसांनी ती मांत्रिकाच्या गुहेशी पोहोचली.

"शाप फिरवा," ती म्हणाली.

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "माझ्याकडे सात वेताळ आहेत. सातांची सात पथ्यं. एकाच चुलीवर सगळ्यांना जेवू घाल."

वेणाक्काने एकच आमटी शिजवली. कुणाला ती बिनतिखटाची आधी काढून ठेवली, कुणाला वरून फोडणी दिली, कुणाला नुसतं वरचं पाणी दिलं. वेताळांना रीतभात नसते, त्यामुळे नको कुणीच म्हटलं नाही आणि काम सोपं गेलं.

"दुसरं काम. माझा राक्षस पहिल्याच पंगतीत सगळं फस्त करतो. त्याला आवर."

वेणाक्काने राक्षसाच्या हाती पळी दिली आणि त्याला वाढपी केलं. वाढपी शेवटी जेवतो. बिचारा सगळ्यांची पानं होईपर्यंत आवंढे गिळत वाढत राहिला.

मांत्रिक गालातल्या गालात हसला. "तिसरं काम. मला पोटभर जेवू घाल."

"शिधा राजवाड्याचा, रांधणारी मी. आज पाहुणे तुम्ही," असं म्हणून तिने पाट मांडला आणि पुरणपोळी वाढली. त्याने ती तुपात बुडवून संपवली.

"आणखी वाढू?"

"नको."

परातीतल्या पोळ्या खडखडा वाजल्या. सगळ्या दगड!  कुमुदिनीचा चेहरा वेणाक्काच्या डोळ्यांपुढे आला. इतकी वर्षं राजवाड्यात सगळे इथेच गप्प बसत आले होते. पण तिने दोन्ही हातांनी दगडाची पोळी उचलली.

"असं कसं? एवढी घ्याच."

"नको, नको. पोट भरलं."

"कुठे भरलंय? तुम्ही काहीच जेवला नाहीत."

"नको हो, बाई."

"मग अर्धी. माझ्यासाठी. नाहीतर मला वाईट वाटेल."

मांत्रिकाचा हात पानावर आडवा होता, तो हळूच बाजूला झाला. त्याचे डोळे भरून आले. "बरं, अर्धी वाढा," तो म्हणाला. "तीस वर्षांत मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं हो."

दगडाची पोळी तिच्या हातात मऊ पडली. तिने अर्धी म्हणून अख्खीच वाढली. मांत्रिकाने आणखी अकरा खाल्ल्या आणि शाप उतरला.

आठव्या दिवशी एकतीस पाहुणे आले. खिचडीच्या दुसऱ्या वाढपाला आत्याबाई म्हणाल्या, "नको." राजाने डोळे गच्च मिटले. कुमुदिनी मात्र स्वतः पातेलं घेऊन पुढे झाली. "आत्याबाई, थोडीशीच. मऊ आहे, आणि तूप आमच्या कपिलेचं आहे." पातेल्यातून वाफ येतच राहिली. चौथ्यांदा आत्याबाईंनी पान पुढे केलं आणि राजपुत्राला म्हणाल्या, "हीच करून घे रे!"

पाच दिवसांसाठी आलेले पाहुणे अकरा दिवस राहिले. लग्नाची तिथी निघाली. पालख्या डोंगराआड गेल्यावर वेणाक्काने कोठीचं दार उघडलं. कणग्या रिकाम्या होत्या, डबे रिकामे होते, गुळाच्या ढेपेच्या जागी नुसता ओलसर डाग होता. तीस वर्षांत पहिल्यांदाच कोठी खाऊन रिकामी झाली होती. वेणाक्का उंबऱ्यावर बसली आणि पोट धरून हसली.