न पाहिलेलं पाणी

फार पूर्वी सागाच्या एका रानात वेणू नावाची साळुंकी राहायची. रोज पाणवठे फिरून कुठलं पाणी चांगलं आहे, ते ती प्राण्यांना सांगायची. तिचं सांगणं इतकं गाजलं की आजूबाजूच्या नऊ रानांतूनही बोलावणी आली.

एकटीला ते झेपेना, म्हणून तिने चाळीस पोपट कामाला ठेवले. ते फांदीवर बसल्या बसल्या सगळ्या रानांना सांगू लागले, "पाणी गार, पाणी गोड, अवश्य या!" वेणू खूश झाली.

एके दिवशी चिखलाने माखलेली सांबरीण पाडसाला घेऊन आली. "वेणूताई, तुमच्या नावावर विसंबून पोपटांनी सांगितलेल्या पाणवठ्यावर गेलो. तिथे नुसता गाळ! पोर रुतलं होतं, कसंबसं ओढून काढलं."

वेणूने पोपटांना विचारलं, "तो पाणवठा पाहिलाय कुणी?"

"पाहायचा पण असतो?" पोपट म्हणाले.

वेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सांबरिणीची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पोपटांना पाणवठ्यांवर धाडलं.

दुपारी एक जाडा पोपट लंगडत परतला. "उत्तरेचं पाणी आटलंय," तो ओरडला, "आणि तिथल्या खेकड्याने माझं बोट धरलं!"

सगळे खो खो हसले. सांबरीण म्हणाली, "आता कसं, नीट कळलं!"