चंद्रामागं गेलेली म्हैस

फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा माणसांना चंद्रावर जाता येत नव्हतं, पण चंद्राविषयी सांगता मात्र सगळं येत होतं.

डोंगरापायथ्याच्या एका गावात सगुणाकाकू राहायची. तिला ठाऊक नाही अशी गोष्टच नव्हती. चंद्रावरचा ससा आपल्याला रोज दिसतो, म्हणजे चंद्र कधी पाठ फिरवत नाही. का फिरवत नाही? तर काकू सांगायची, मागं मिट्ट काळोख आहे आणि जगातलं हरवलेलं सगळं तिथं जाऊन पडतं. एकदा गेलं की गेलं.

झालं, गावाला आयतंच कारण मिळालं. राहीबाईची पितळी पळी सापडेना, चंद्रामागं गेली. कोणाची कोंबडी आली नाही, चंद्रामागं गेली. एका जावयाचे नवेकोरे जोडे देवळाबाहेरून गेले, तेही चंद्रामागंच. शेजारचा माणूस नवे जोडे करकरवत फिरत होता, पण त्याच्या पायांकडे बघतो कोण! शोधायची कटकटच मिटली होती.

आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी राहीबाईची म्हैस हरवली. दिवस भरलेली, आज व्यायची की उद्या. घर तिच्याच दुधावर चालायचं, आणि रानात तरसं फिरत होती. राहीबाई रडत काकूकडे गेली. काकूनं डोळे मिटले, उघडले आणि नेहमीचंच सांगितलं. वर बजावलं, की शोधायला जाईल तोही चंद्रामागं जाईल. बिचारी घरी आली आणि दावं गुंडाळून खुंटीला टांगलं.

राहीबाईची सून येसू नवीन होती. नदीला पूर, म्हणून पंचमीला माहेरी जाता आलं नव्हतं. शोधायला जाऊ का, असं तिनं तीनदा विचारलं. सासूनं तीनदा नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडाखाली बायकांच्या फुगड्या रंगल्या. वर निळ्या आभाळात पंचमीची फिकट कोर दिसत होती. येसू मैत्रिणीबरोबर गरगर फिरत होती आणि एकाएकी थांबली. इतकं फिरूनही मैत्रिणीची पाठ तिला एकदाही दिसली नव्हती. ती घरी पळाली, आणि डोक्यावरचा पदर सावरत परत आली ती थेट सगुणाकाकूसमोर. तिनं हात पुढं केले.

काकू जुनी खेळाडू, नाही कशी म्हणेल? फुगडी सुरू झाली. येसूचा पदर उडाला आणि भोवतीच्या बायका तोंडाला हात लावून हसू लागल्या.

फिरता फिरता येसूनं विचारलं, "काकू, माझ्या अंबाड्यात काय खोवलंय?"

"अबोलीचा गजरा," काकू क्षणात म्हणाली.

सगळ्या बायका खो खो हसल्या. येसूनं पाठ वळवली. अंबाड्यात खोवलेली पितळी पळी उन्हात चकाकत होती.

"काकू, चंद्रही आपल्याशी अशीच फुगडी खेळतोय की! तोंड आपल्याकडं, पाठ पलीकडं. माझी पाठ तुम्हाला दिसली नाही, म्हणून काही तिच्यावर काळोख नव्हता. ऊन होतं. आणि ही पळी चंद्रामागं नाही, आमच्या धान्याच्या कणगीमागं होती, आत्ता शोधली तर सापडली."

"मग चंद्रामागं काय आहे?" काकूनं चिडून विचारलं.

"ठाऊक नाही," येसू म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की हसूच आवरेना. "म्हैस कुठं आहे तेही ठाऊक नाही. म्हणून बघायला निघाले."

"ठाऊक नाही" हे शब्द त्या गावानं कधी ऐकलेच नव्हते. राहीबाई मात्र उठली, घरी गेली आणि खुंटीवरचं दावं घेऊन सुनेच्या पुढं चालू लागली. मग सगळं गाव निघालं. धापा टाकत काकूही निघाली.

सूर्य कलताना, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत म्हैस सापडली. नुकतीच व्याली होती. चिखलात तरसाचे ताजे ठसे जाळीपर्यंत आले होते आणि माणसांचा गलबला ऐकून ते तिथूनच मागं फिरलं होतं. रेडकू लटपटत उभं राहिलं आणि आईला लुचू लागलं. राहीबाई म्हशीच्या गळ्यात पडून रडली.

परत येताना एका पोरीनं विचारलं, "काकू, चंद्रामागं काय असेल हो?"

काकूनं मान वर करून कोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "ठाऊक नाही गं. पण एकदा बघायला हवं." एवढं बोलून तिला फार हलकं वाटलं.

आणि त्याच संध्याकाळी जावयाचे नवेकोरे जोडे देवळाबाहेर आपले आपण परत आले.

तात्पर्य: न पाहिलेल्याच्या गोष्टी रचणारा घरीच बसतो; "ठाऊक नाही" म्हणून जो उठतो, त्याचीच म्हैस घरी येते.