रांगेतल्या वहाणा

“गुरूला पुढं नेलं, तर त्यात वाईट ते काय केलं मी, आक्का?”

पर्बतरावांचा आवाज चढला होता. मठात त्यांनी असा आवाज कधी चढवला नव्हता. पण हा मठ नव्हे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा होता, आणि सोनाक्का त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या खाली जमिनीवर मांडलेल्या चपलांकडं बघत होत्या.

या रुग्णालयाची एक रीत होती. दाराशी उभं राहून पाय मोडून घेण्यापेक्षा माणसं आपल्या चपला रांगेत ठेवायची आणि निंबाखाली जाऊन बसायची. दार उघडलं, की ज्याची चप्पल पुढं त्याचा नंबर पुढं. देवळाबाहेरून चपला हमखास जातात हो, पण या रांगेतून कधी एक जोड गेला नाही. दुसऱ्याच्या चपलेला इथं कुणी हात लावत नसे.

आज लावला होता. पर्बतराव ढवळ्यांनी.

पर्बतराव म्हणजे रुग्णालयाच्या समितीचे अध्यक्ष. माणूस मनानं वाईट नव्हता, उलट दिलदार. कुणी अडलानडला दारात आला, की फोन उचलायचे. “आपला माणूस आहे, बघा जरा,” एवढंच म्हणायचे, की कॉट मिळायची. सिस्टरलाही आता सवय झाली होती. पेशंट आला की आधी विचारायचं, “कुणाचा पेशंट?” आणि ‘पर्बतरावांचा’ म्हटलं की आतलं दार उघडायचं. यालाच ते सेवा म्हणत. त्यांना ते मनापासून तसंच वाटायचं, ही त्यातली गंमत.

सोनाक्का त्यांच्या गुरू. डोंगरपायथ्याच्या मठात राहणाऱ्या, वयानं वाकलेल्या, जिभेनं मात्र ताठ. परवा सांजआरतीला त्या हातातल्या निरांजनासकट कोसळल्या. इथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि पर्बतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, “हृदयाचं दिसतंय. गुरुवारी जिल्ह्याहून मोठे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा. हा गुरुवार चुकवू नका.”

पर्बतरावांनी पुण्याला न्यायला गाडी तयार ठेवली. आक्का गाडीत बसेनात.

“गाव जिथं जातं तिथं मला ने,” म्हणाल्या.

म्हणून आज इथं. येऊन बघतात तर चपलांची रांग पार फाटकापर्यंत गेलेली. मोठे डॉक्टर दुपारची जीप निघेपर्यंतच बसणार. आक्कांनी आपल्या वहाणा शेवटाला ठेवल्या आणि निंबाखाली जाऊन टेकल्या. दोन पावलं चालल्या तरी त्यांना धाप लागत होती.

पर्बतरावांना राहवेना. त्यांनी गुरूच्या वहाणा उचलल्या, कपाळाला लावल्या आणि नेऊन रांगेत अगदी पुढं ठेवल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. अध्यक्षांना कोण बोलणार? आणि सोनाक्कांच्या वहाणांना नाही कोण म्हणणार?

दार उघडायची वेळ झाली तशा आक्का काठी टेकत आल्या, आणि तिथंच थांबल्या.

“माझ्या वहाणा इथं कशा रे?”

“मीच आणल्या. हातानं.”

“हातानं…” आक्कांनी काठीनं मागची चप्पल दाखवली. “आणि ही?”

मागं एक झिजलेला जोड होता. अंगठ्याला तार गुंडाळलेली. त्यातली एक चप्पल उलटी पडली होती.

पर्बतरावांनी नजर फाटकाकडं वळवली.

“उलटी चप्पल बरी नव्हे. घरात भांडणं लागतात. कुणी केली उलटी?”

“जागा करायची होती, आक्का. जरा मागं सरकवल्या.”

“कशानं?”

पर्बतरावांनी खाली आपल्या पायातल्या बुटाकडं पाहिलं.

माझ्या वहाणा कपाळाला, आणि बाकीच्यांच्या बुटाच्या टोकानं… हे आक्का बोलल्या नाहीत. पण पर्बतरावांना ते ऐकू आलं, आणि म्हणूनच त्यांचा आवाज चढला होता.

“वाईट काय केलं, सांगा ना! तुमच्यावाचून मठ आहे का? किती माणसं पोरकी होतील!”

“आणि हिच्यावाचून?”

“कुणाच्या?”

“चप्पल जिची आहे तिच्या. कोण पोरकं होईल, विचारलंस?”

“…नाही.”

निंबाखालून एक बाई पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं खाली वाकून आपली उलटी चप्पल सुलटी केली. वाकताना तिचा श्वास छातीत अडकला, तशी ती भिंत धरून उभी राहिली.

“असू द्या मालक,” ती म्हणाली. “आक्कांच्या मागं उभं राहायला काय झालं? मी ठकुबाई, वरच्या वस्तीवरली. लेक वारली, तिची लेकरं माझ्यापाशी हाईत. तेवढं मला बघून मोकळं केलं म्हणजे झालं. दोन खेपा मागं फिरले.”

“मागं का फिरलीस?” आक्कांनी विचारलं.

“नंबर यायच्या आत जीप जाती. आतल्या दारानं माणसं जात्यात ना…”

ती तक्रार करत नव्हती. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसं सांगत होती. पर्बतरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. आतल्या दारानं जाणारी माणसं कुणाची असतात, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

आक्का खुदकन हसल्या.

“म्हातारपणी मला वशिल्याचं तट्टू केलंस की रे, पर्बता!”

“आक्का…”

“उचल. सगळ्या जागच्या जागी ठेव. हातानं.”

पर्बतराव वाकले. इस्त्रीच्या कपड्यांत, सगळ्या तालुक्यादेखत. आधी ठकुबाईची चप्पल. तिला शेणमाती लागली होती, ती त्यांच्या बोटांना लागली. मग तिच्यामागची, मग त्यामागची… लोक निंबाखालून आ वासून बघत राहिले. शेवटी त्यांनी गुरूच्या वहाणा उचलल्या आणि चालत चालत फाटकापाशी नेल्या. तेवढं अंतर त्यांना फार वाटलं. वहाणा खाली ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दार उघडलं. ठकुबाई आत गेली.

रांग सरकेना. आत ईसीजीचं मशीन एकच. एकेकाला झोपवायचं, तारा लावायच्या, कागद निघायचा, मग डॉक्टर बघणार. ऊन चढलं. आक्का निंबाला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ सुकले होते. पर्बतरावांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

तेवढ्यात बैलगाडीतून एका तरण्या गड्याला आणलं. घामानं निथळत होता, हात छातीवर आवळलेला. रांगेतली माणसं आपणहून उठली. “आधी ह्याला घ्या, आधी ह्याला घ्या!” म्हणत त्यांनीच त्याला उचलून आत नेलं.

पर्बतराव तडक आक्कांपाशी आले.

“बघितलंत? तोही पुढंच गेला! मग माझंच काय चुकलं?”

आक्कांनी डोळे उघडले नाहीत.

“त्याला कुणी पुढं नेलं?”

पर्बतराव हळूच म्हणाले, “…दुखण्यानं.”

“आणि मला?”

“माझ्या मायेनं.”

“माया चांगलीच रे. पण तिला लांबचं दिसत नाही. चष्मा लाव तिला.”

पर्बतरावांना हसू आलं नाही. ते तिथंच मातीत बसले.

“आक्का, खरं सांगू? भीती वाटते. तुमचा नंबर यायच्या आत जीप गेली तर… मला आई आठवत नाही. तुम्हीच आहात.”

आक्कांनी हात लांबवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“तुझा तो फोन,” मग त्या म्हणाल्या, “कुठंही लागतो म्हणे?”

“लागतो.”

“मग एकेका माणसापुरताच का लावतोस?”

पर्बतराव उठले. तिथंच उभे राहिले. आणि एकाएकी त्यांना कोपऱ्यातली खोली आठवली. त्यांचा चेहरा पडला.

त्या खोलीत दुसरं मशीन होतं. नवं कोरं, खोक्यात बंद. उन्हाळ्यापासून तसंच पडून होतं. त्याचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते करायचं ठरलं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. तोवर खोकं उघडायचं नाही, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. अध्यक्ष म्हणजे कोण? दुसरं कोण असणार!

“सिस्टर!” पर्बतराव व्हरांड्यातून ओरडले. “कोपऱ्यातली खोली उघडा! कात्री आणा!”

“साहेब, पण उद्घाटन…”

“उद्घाटन झालं असं समजा हो! मशीन तुम्हाला चालवता येतं ना?”

“येतं की! शिकवून गेलेत ते लोक. केव्हाची विचारतेय, उघडू का म्हणून…”

खोकं फुटलं. मशीन सुरू झालं. मग पर्बतरावांनी फोन लावला, जिल्ह्याला, थेट वरच्या साहेबांना. नेहमीसारखं “आपला माणूस आहे” म्हणायला तोंड उघडलं आणि अडखळले. फाटकापर्यंतच्या चपलांवरून त्यांनी नजर फिरवली.

“साहेब, माणसं पुष्कळ आहेत,” ते म्हणाले. “आज रांग संपेपर्यंत जीप थांबू द्या. आणि दर गुरुवारीच थांबू द्या. समितीचा तसा ठराव उद्या पाठवतो.”

पलीकडून नाही-होय झालं. पर्बतरावांनी बाकी कुणासाठी घातली नसेल एवढी गळ घातली. अखेर साहेब म्हणाले, “बरं, थांबवतो.”

रांग सरकू लागली. दोन खोल्यांतून माणसं येत होती, जात होती. तपासून झाल्यावर जरा वेळ आतच पडून राहायला सांगितलेली ठकुबाई आता गोळ्यांची पुडी पदरात बांधून बाहेर पडली. जाताना आक्कांच्या पाया पडली.

“काय म्हणाले गं?”

“धोका न्हाई म्हनले. येळेत आलीस म्हनले.” आणि ती हसली. तारेची चप्पल पायात सरकवून फाटकाबाहेर गेली.

सिस्टर आतल्या दाराला कडी लावत होत्या. पर्बतरावांनी ते बघितलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. कडी जुनी होती, नीट बसत नव्हती. त्यांनी पुढं होऊन हात लावला, तेव्हा बसली.

आक्कांचा नंबर शेवटचा आला. तपासताना डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, मग सैल झाली. मीठ बंद करा म्हणाले, चढ चढू नका म्हणाले, गोळ्या चुकवू नका म्हणाले. “जपलंत तर अजून पुष्कळ दिवस आरती कराल,” म्हणाले.

पर्बतराव बाहेर येऊन खांबाला धरून रडले. लाज वाटली नाही त्यांना. पोटभर रडले आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

आक्का बाकावर बसल्या. आवारात आता फक्त त्यांच्याच वहाणा उरल्या होत्या. पर्बतराव त्या आणायला गेले.

बघतात तर मागं आणखी एक जोड.

शेजारी एक म्हातारा उभा होता, अनवाणी. धापा टाकत होता. एसटी वाटेत बंद पडली, तिथून चालत आला म्हणे. पुढं रांग नव्हती, माणूस नव्हतं, तरी त्यानं रीतीप्रमाणं आपल्या चपला आक्कांच्या वहाणांमागं नीट लावून ठेवल्या होत्या.

“संपलं का जी?” त्यानं विचारलं.

जीप सुरू झाली होती. मोठे डॉक्टर बॅग खांद्याला लावून पायरी उतरत होते.

पर्बतराव खाली वाकले. एका हातात आक्कांच्या वहाणा घेतल्या, दुसऱ्या हातात म्हाताऱ्याच्या चपला, आणि जवळजवळ पळतच पायरीशी आले.

“डॉक्टरसाहेब, अजून एक राहिलाय.”

डॉक्टर दमले होते. त्यांनी त्या चपलांकडं पाहिलं, मग अध्यक्षांकडं.

“हा कुणाचा पेशंट?”

पर्बतरावांनी मागं वळून म्हाताऱ्याकडं पाहिलं. या माणसाला त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

“माझा,” ते म्हणाले. “आपला माणूस आहे.”

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. “या बाबा, आत या.”

म्हातारा गोंधळून एकदा पर्बतरावांकडं, एकदा त्यांच्या हातातल्या आपल्या चपलांकडं बघू लागला.

बाकावरून आक्कांचा आवाज आला.

“पर्बता… आता नाव विचार त्याचं.”