गजराकाकूने वाढलेल्या गोळ्या

एका गावात एक गजराकाकू होती. तिच्या हातात पळी आली की पंगतीतले लोक पोटावर हात ठेवून बसायचे. भुकेने नव्हे, भीतीने.

वाढण्याचे तिचे कायदे ठरलेले. पानात एक कधीच वाढायचं नाही, एक वाढलं की खाणारा एकटा पडतो म्हणे. तीन तर नाहीच नाही, तीन म्हणजे तिगाडा. त्यामुळे दोन पोळ्या खाऊन कुणी चुकून ‘अजून एक द्या’ म्हणाला की तो फसला. त्याला चार खाव्याच लागत. ‘पुरे’ म्हणून कुणी पानावर हात आडवे धरले, तर काकू बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. गावात दोघातिघांच्या मनगटांवर त्याचे डाग होते.

चैत्रात जानाईदेवीचा भंडारा असे. सगळं गाव जेवायला. पहिल्या पंगतीची पहिली पळी बावीस वर्षं गजराकाकूची. हाताखाली पाच बायका, पण हुकूम एकटीचा. हा मान तिला जिवापेक्षा प्यारा होता. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, ‘मी मोठा की पळी?’ काकूने पळी पदराने पुसली होती, आणि नवरा काय ते समजला होता.

स्वयंपाकाला शेजारच्या गावचा शिदबा आचारी यायचा. हाताला चव होती, पण तोंड तिखट. त्याचं आणि काकूचं बावीस वर्षं पटलं नाही.

“मी माणसांसाठी शिजवतो,” शिदबा म्हणायचा, “ही म्हशींना वाढती.”

“ह्याच्या आमटीत डाळ हुडकायला माणूस उतरवावा लागतो,” काकू म्हणायची.

भंडाऱ्याला आठ दिवस राहिले आणि काकूला सर्दी झाली. नाक गळायला लागलं, आवाज बसला. आवाजच नाही तर पंगत दबणार कशी? ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, छाती तपासली आणि सांगितलं, “साधी सर्दी आहे. आठ दिवसांत आपोआप जाईल. गरम पाणी प्या, झोप घ्या.”

“गोळी?”

“लागणार नाही.”

“गोळी घेतल्याबिगर मी उठत न्हाई,” काकू म्हणाली आणि खुर्चीत आणखी रेलून बसली. बाहेर माणसांची रांग लागलेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी क जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली. चघळायची, संत्र्याच्या चवीची.

“ही दिवसातून एक. जेवल्यावर. हिने सर्दी पळून जाईल असं समजू नका. आणि एक म्हणजे एकच.”

“कळतंय की मला,” काकू म्हणाली.

घरी आल्यावर तिने तळहातावर एक गोळी घेतली आणि बघत बसली. एवढीशी नारिंगी गोळी, एवढ्या मोठ्या हातावर. एकटी. काकूला ते बघवेना. एक वाढायची रीत तिच्या घराण्यात नव्हती. तिने दुसरी काढली. दोन्ही चघळल्या. आंबटगोड लागल्या. रात्री आणखी दोन घेतल्या.

नवऱ्याने चष्मा लावून डबी वाचली. “अगं, हितं लिहिलंय. दिवसाला एक, डॉक्टरच्या सल्ल्यानं.”

“तुम्हांला वाढल्यात का? न्हाई ना? मग वाचताय कशाला?”

पाचव्या-सहाव्या दिवशी सर्दी गेली. ती जाणारच होती, पण काकूने श्रेय दिलं गोळीला. छातीत जळजळत होतं, पोटात गुरगुरत होतं, त्याचं खापर तिने वाऱ्यावर फोडलं. आणि तिच्या डोक्यात एक विचार आला. भंडाऱ्याच्या दिवशी वाढपिणींतली एखादी शिंकली तर? पंगतीत शोभा होईल. त्यापेक्षा सगळ्यांनाच आधी ताकद द्यावी.

तिने आणखी चार डब्या आणल्या. सरबताची एक नारिंगी पूडही आणली. तिच्या पाकिटावर तेच क जीवनसत्त्व लिहिलेलं. म्हणजे तर फारच उत्तम, असं काकूला वाटलं.

भंडाऱ्याच्या दिवशी सकाळी तिने पाची बायकांना देवळाच्या ओसरीवर ओळीने बसवलं. सगळ्यांची पोटं रिकामी. काकूने प्रत्येकीच्या तळहातावर चार-चार गोळ्या ठेवल्या आणि हातात सरबताचा मोठा पेला दिला.

हौसा नावाची बाई कुरकुरली. “काकू, मला दोन सालांमागं मुतखडा झालता. डॉक्टरांनी सांगितलंय, कुठलीबी गोळी इचारून घ्यायची. आणि माझा आज मंगळवार हाय.”

“गोळी कुठं गं, संत्र्याची फोड समज. संत्रं उपासाला चालतंय.”

“एकच घेती मग.”

“एक?” काकूने असं बघितलं, की जणू हौसाने देवीची ओटी परत मागितली. तिने गोळ्या हौसाच्या हातावर ठेवल्या आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. हौसाने गोळ्या खाल्ल्या. काकूसमोर ‘नको’ म्हणून टिकलेली बाई त्या गावात जन्मली नव्हती. काकूने स्वतः किती खाल्ल्या ते मोजलंच नाही. आपलं पान कुणी मोजतं का?

दुपारी आमटी उतरली. देवीला नैवेद्य दाखवल्यावर मीठ बघायला वाढपिणींनी वाटीवाटी आमटी चाखली. पहिली पंगत बसली. काकूने पदर खोचला, पहिली पळी घातली, देवीचा जयघोष झाला. सगळं रीतसर.

अर्धी ओळ झाली आणि वाढपिणींतल्या शालनने खिरीची बादली खाली ठेवली. “आले,” म्हणाली आणि देवळामागच्या शाळेकडे चालू लागली. चालता चालता पळू लागली. मागोमाग मंगल गेली, भाताचं घमेलं एका म्हाताऱ्याच्या मांडीवर देऊन. मग सुमन. मग इंदू. मग पोट धरून हौसा. काकू दात आवळून उभी राहिली. बावीस वर्षांत तिने पंगत सोडली नव्हती. तिने आणखी तीन पानं वाढली. चौथ्या पानाला मान गेला खड्ड्यात असं तिच्या पोटाने ठरवलं आणि पळीसकट काकू निघाली.

शाळेला संडास दोनच. बायका सहा. पुढचं सांगायला नको.

इकडे पंगतीत कोरडा भात बघत लोक बसलेले. कुजबुज सुरू झाली. “सगळ्या आमटी चाखून पळाल्यात. आमटी बाधली.” ज्यांनी घास घेतला होता त्यांना लगेच मळमळायला लागलं. सरपंच दत्ताजी उठले.

“कुणी खाऊ नका. शिदबा, काय घातलंस हिच्यात?”

“नेहमीचंच घातलंय.” शिदबाने वाटीभर आमटी काढून सगळ्यांसमोर प्यायली. “बघा. मी प्यालो.”

“तुझं पोट सवयीचं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“चारी पातेली खड्ड्यात ओता,” सरपंच म्हणाले. “आणि शिदबा, तू निघ. पुन्हा ह्या गावात चूल पेटवायची न्हाई. आजूबाजूच्या गावांनाबी आम्ही कळवणार.”

लग्नसराई तोंडावर आलेली. या भंडाऱ्यात जेवलेली माणसंच शिदबाला पुढे लग्नांना बोलवायची. एरवी तो एका शब्दाला चार परत करायचा. आज त्याने खांद्यावरचा पंचा काढून घडी घालायला घेतली.

शाळेच्या भिंतीआडून काकू सगळं ऐकत होती. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. आपण सांगतच होतो, हा माणूस आचारी नव्हेच. तेवढ्यात शेजारी कंबर धरून उभी असलेली हौसा हळूच म्हणाली, “काकू, पर मी आमटी चाखलीच न्हाई. माझा उपास हाय.”

काकूने तिच्याकडे बघितलं.

“सकाळधरनं माझ्या पोटात तुमच्या गोळ्या आणि सरबत सोडून काय गेलं न्हाई,” हौसा म्हणाली. “मी कुणाला बोलत न्हाई. तुमचा मान ऱ्हाऊ द्या.”

काकूने मनात हिशेब मांडला. गप्प बसलं तर बावीस वर्षांचा मान शाबूत. बोललं तर पळी गेलीच, वर गावभर हसू. आणि शिदबा तर तिचा वैरी. पण वैरी झाला म्हणून काय झालं? त्याची आमटी पातळ होती, खोटी नव्हती. ते बावीस वर्षं वाढणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला?

ती एका हाताने पोट आणि एका हाताने भिंत धरत पंगतीत आली.

“पातेल्यांना हात लावू नका. आमटी चांगली हाय. माझ्या गोळ्या बाधल्यात.”

“कसल्या गोळ्या, काकू?” सरपंचांनी विचारलं.

काकूने कनवटीची डबी काढली आणि सगळं सांगितलं. हौसाचा उपासही सांगितला. डॉक्टरीणबाई तेवढ्यात जेवायला येऊन पोचल्या होत्या. त्या पुढे झाल्या.

“किती दिल्यात एकेकीला?”

“चार. वर सरबत.”

“मी किती लिहिली होती?”

काकू जमिनीकडे बघून म्हणाली, “एक.”

पंगत हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “एका गोळीत पाचशे मिलिग्रॅम असतं. दिवसाची गरज शंभराच्या आसपास. ती एका पेरूत भागते. दोन हजारांच्या वर मोठ्या माणसाने जायचंच नाही. तुम्ही चार गोळ्यांतच तिथे पोचलात आणि वर सरबत ओतलंत. शरीर लागेल तेवढं ठेवतं, उरलेलं बाहेर काढतं. आज ते घाईने काढतंय, एवढंच.” मग त्या हौसाकडे वळल्या. “आणि तुला मुतखडा होऊन गेलाय. हीच गोळी जास्त झाली तर पुन्हा खडा धरू शकतो. विचारून घे म्हणून सांगितलं नव्हतं?”

हौसाने मान खाली घातली.

“तिनं मला सांगितलं होतं,” काकू म्हणाली. “मीच तिची मूठ मिटली. तिला बोलू नका, मला बोला.”

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या डब्या ताब्यात घेतल्या, बायकांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि हौसाला सकाळी तपासणीला यायला सांगितलं. सरपंच शिदबाकडे वळले. “चुकलो बाबा. पेटव चूल. आणि काकू, पहिली पळी आता…”

“पळी तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या,” शिदबा म्हणाला. पंचा पुन्हा खांद्यावर गेला होता. “माझी आमटी चांगली हाय असं ही बाई आज पहिल्यांदा बोलली. तेबी सगळ्या पंगतीदेखत. अशी साक्षीदार मला कुठं मिळणार?”

“चांगली म्हणाले,” काकू म्हणाली. “दाट न्हाई म्हणाले.”

पुढे तिला बरंच बोलायचं होतं. पण पोटाने परत हाक दिली आणि ती शाळेकडे पळाली.

तात्पर्य: गोळी हे पंगतीतलं पक्वान्न नव्हे. डॉक्टरने सांगितली तेवढीच खावी, दुसऱ्याला आग्रहाने वाढू नये. आणि आपल्या हातून घाण झाली तर ती दुसऱ्याच्या पातेल्यात ओतू नये.